घंगाळ वाहून जातं, परात तिथेच राहते

माझा एक गेम पूर्ण झाला आहे. छोटासाच. एक दुकान, वर एक माळा आणि चढत जाणारं पाणी. खेळायला साडेतीन मिनिटं लागतात, हरलात तर त्याहून कमी. पण त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आवाज आहेत, नीट दिसणारी मराठी अक्षरं आहेत, आणि माझ्याशिवाय इतर माणसांनीही तो खेळला आहे. माझ्या संगणकावर पडून असलेल्या बाकीच्या गेमांबद्दल यातलं काहीच म्हणता येणार नाही.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात पीएलसीचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्राम लिहिते. कन्व्हेयर कधी थांबवायचा, टाकी भरली की पंप कधी बंद करायचा, असली कामं. गेमचं काम रात्री, जेवणं आवरून सासूबाईंची मालिका संपल्यावर. आमच्या घरात याला ‘तिचं ते’ म्हणतात. फोन आला की सासूबाई सांगतात, “आहे, पण तिचं ते चाललंय.”

पहिला प्रयत्न २०२० च्या टाळेबंदीतला. युनिटी हे गेम बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, डाउनलोड केलं आणि डोक्यात अख्खी पंचवटी घेतली. काळाराम मंदिर, गल्ल्या, वाडे, प्रत्येक ओट्यावर एक माणूस आणि प्रत्येकाशी बोलायची सोय. दिवस मावळणार, पाऊस पडणार. प्रत्यक्षात आधी तयार झाला तो मुख्य मेनू. आवाज कमी-जास्त करायच्या तीन पट्ट्या होत्या त्यात, आणि गेममध्ये आवाज एकही नव्हता. मग नायकाची पिशवी. तिचे कप्पे, एका कप्प्यातली वस्तू बोटाने ओढून दुसऱ्यात टाकायची सोय, एकसारख्या वस्तूंची चळत. नमनाला घडाभर तेल गेलं आणि कीर्तनाचा पत्ता नाही. नायक चालायचा छान, पण जाण्यासारखं कुठे काही नव्हतंच. कारखाना पुन्हा पूर्ण वेळ सुरू झाला आणि पंचवटी तशीच राहिली.

दुसऱ्या वेळी मी गोडोकडे वळले. हे इंजिन फुकट, मूळ कोड सगळ्यांना खुला, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं आणि २०१४ साली मुक्त केलेलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते युनिटीपेक्षा पुष्कळच हलकं चालायचं. या वेळी वाड्यातलं एक रहस्य सोडवायचं होतं, म्हणजे सगळा खेळ संवादांचा. संवाद अर्थात मराठीत. आणि तिथेच घोडं अडलं. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांची जुळवाजुळव करण्याची सोय नव्हती. ‘नाशिक’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘श’च्या मागून यायची. जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी राहायची, रफार कुठेतरी भलतीकडे. यावर माझा तोडगा असा होता की प्रत्येक वाक्याचं चित्र करायचं. संवाद दुसरीकडे टाइप करायचा, चित्र म्हणून साठवायचा, गेममध्ये चिकटवायचा. एका पात्राच्या तोंडचा एक शब्द बदलला की नवं चित्र. रहस्याचा उलगडा कसा करायचा हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही ते नाहीच, पण ठरलं असतं तरी ती चित्रं करायचं बळ उरलं नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये गोडोची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात हार्फबझ हे अक्षरजुळणीचं साधन अंगभूत होतं. मी मुक्ता हा फाँट टाकला, ‘रामकुंड’, ‘त्र्यंबक’, ‘सिंहस्थ’, ‘आर्द्रता’ असं काय काय लिहून पाहिलं, आणि सगळं जागच्या जागी आलं. गेम काहीच नव्हता, नुसते शब्द पडद्यावर होते. नवऱ्याला उठवून दाखवले. तो म्हणाला, “शुद्धलेखन बरोबर आहे,” आणि पुन्हा झोपला.

त्यानंतरचा प्रयत्न एका गेम जॅममधला. जॅम म्हणजे ठरलेल्या विषयावर ठरलेल्या वेळात गेम करून द्यायचा. ४८ तासांची जॅम भरवणारं लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, आणि त्याच धर्तीवर आता दर आठवड्याला कुठे ना कुठे जॅम असतेच. मी केली सीबीएस, म्हणजे नाशिकचं मुख्य बसस्थानक, ते पंचवटी चालणारी शेअर रिक्षा. शनिवारी रात्रीपर्यंत ती इतकी झकास वळायला लागली होती की मी तासभर नुसती चालवतच बसले. प्रवासी बसतो, उतरतो, दुसरा बसतो, उतरतो. रविवारी घरी पाहुणे आले, मुदत टळली. पण पाहुण्यांना कशाला दोष द्या. आणखी महिना मिळाला असता तरी ती रिक्षा तशीच फिरत राहिली असती. तिला कुठे पोचायचंच नव्हतं.

आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. पॅनेल तयार झालं की मशीन सुरू कसं होतं हे कोणी आधी बघत नाही. आधी लाल बटण, इमर्जन्सी स्टॉप. ते दाबल्यावर सगळं बंद पडतं याची खात्री झाली, मग हिरव्याला हात लावायचा. रोज हे करणारी मी घरी येऊन दर वेळी हिरव्या बटणापासून सुरुवात करत होते. म्हणून पुढच्या गेमची अट ठरवली: ज्याचा शेवट मला आधी दिसतो तेच करायचं. आणि ज्याचा शेवट पक्का माहीत आहे अशी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, ती म्हणजे पूर.

माझ्या वडिलांचं भांडी बाजारात दुकान होतं. आता ते दुसऱ्याकडे आहे. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. गोदावरीला पाणी वाढलं की घाटावरचा बुधवारचा बाजार, टपऱ्या, रामकुंड हे आधी पाण्यात जातं. फार वाढलं की भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आमच्या पिढीला चांगले आठवतात. वडिलांच्या पिढीत मात्र पूर म्हटलं की १९६९. नदीत रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे, दोन्हीकडे तोंड असलेली उंच मूर्ती. शहराची पूरपट्टी तीच. पाटबंधारे खातं गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते जाहीर करतं, पण गल्लीत विचारतात ते, “मारुतीच्या कुठे लागलं?” पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. कमरेला म्हटलं की आमच्या दुकानात आवराआवर सुरू.

गेममध्ये मला घड्याळ नको होतं, तर हीच हाक हवी होती. म्हणून सगळ्यांत आधी तयार झाली ती दोन दृश्यं: पाणी छताला टेकलं की येणारं आणि पाणी उतरल्यावर येणारं. मध्ये काहीच नाही. गेम सुरू केला की निळा चौकोन खालून वर येतो आणि ‘संपलं’ असं दिसतं. पहिल्या रात्री एवढंच झालं, पण गेम संपत होता. पुढचं सगळं काम या दोन टोकांच्या मध्ये भरायचं होतं.

मध्ये काय भरायचं हे मला वाटत होतं की मला माहीत आहे. माणूस खाली, माल खाली, माळा वर. उचला, जिना चढा, ठेवा, परत या. जड वस्तू घेतली की चाल मंदावते. मी ते करून बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही, मला खेळायला सांगितलं आणि चष्मा लावून बघत बसले. मी एक पितळी हंडा उचलून जिन्याकडे निघाले.

“अगं, हंडा कशाला नेतेस वर?”

“वाहून जाईल ना.”

“मग भरून ठेव. रिकामा हंडा वाहून जातो. पाण्याने भरलास की बसला जागेवर. कोण हलवतो त्याला?”

मग तासभर ते बोलत होते आणि मी लिहून घेत होते. पोकळ भांडी तरंगतात: घंगाळ, टोप, पिंप, हंडे. पाणी फळ्यांच्या दारातून आत येतं आणि परत जाताना त्यांना घेऊन जातं. पराती, ताटं, झारे यांना काही होत नाही, ती पडतात, बुडतात, गाळातून काढायची आणि धुवायची. धातूचं पाण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते खोक्यातलं. कुकर, मिक्सर, भेटवस्तूंचे संच. खोकं भिजलं की आतला माल नवा असूनही जुना होतो, गिऱ्हाईक हात लावत नाही. वजनकाटा. आणि सगळ्यांच्या आधी उधारीची वही. “तांब्या गेला तर तांब्या जातो, वही गेली तर गिऱ्हाईक जातं.”

गेम तिथे बदलला. सगळंच वर न्यायचं असेल तर प्रश्न फक्त पळण्याचा उरतो. आता प्रत्येक वस्तूपाशी ठरवावं लागतं: न्यायची, भरून सोडायची, की तशीच राहू द्यायची? आणि भरण्यात एक मेख आहे. पाणी आत आल्याशिवाय हंडा भरता येत नाही. आधी गेलात तर कोरडा, उशिरा गेलात तर तो दाराकडे निघालेला. पाणी पोटरीपर्यंत असतानाची ती थोडकी सेकंदं हातची घालवायची नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी मिक्सरची खोकी खालच्या फळीवर असतात. हे मी टेबलाशी बसून आयुष्यात सुचवू शकले नसते.

पाण्याचं गणितही त्यांच्याकडूनच आलं, तेही अप्रत्यक्ष. माझं पाणी एकाच चालीने चढत होतं आणि कंटाळवाणं वाटत होतं. खरं पाणी तसं येत नाही. धरणातून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि सोडलेलं पाणी शहरात यायला वेळ लागतो. म्हणून मध्येच पाणी थांबल्यासारखं होतं, लोक म्हणतात ओसरलं, आणि मग एकदम पुढची पायरी जाते. मी पाण्यासाठी एक छोटा तक्ता केला: इतक्या सेकंदांनी इतकी उंची, मग इतका विसावा, मग पुढची उंची. रोजच्या कामात टायमरचे असेच तक्ते करते, त्यामुळे याला वेळ लागला नाही. विसाव्यात खेळणारा हटकून हावरटपणा करतो. एक घंगाळ जास्तीचं न्यायला जातो. तेवढ्यात बाहेरून हाक येते, “छातीला लागलं!”

ती हाक बाबांचीच. फोनवर रेकॉर्ड केली. पहिल्या काही वेळा ते आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखे बोलले, मग आईने स्वयंपाकघरातून “जोरात ओरडा की, रोज तर ओरडता” असं म्हटलं आणि हवी तशी हाक मिळाली.

आता थोडं तांत्रिक, कारण असा गेम करायला बसणाऱ्याच्या ते उपयोगी पडेल. पीएलसी जसं एका फेरीत इनपुट वाचतं, प्रोग्राम चालवतं, आउटपुट देतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, तसंच गेमचं असतं: बटण वाचा, जग पुढे सरकवा, चित्र काढा. फरक फेरीच्या वेळेचा. नवऱ्याच्या नव्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो, माझा ६० वेळा. त्याच्याकडे पूर दुपटीहून जास्त वेगाने आला. हे पाहताच कारण कळलं, कारण फेऱ्या मोजून वेळ धरायची नसते हे आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. पाणी प्रत्येक चित्रामागे ठरावीक सरकवण्याऐवजी, मागच्या चित्रापासून गेलेल्या वेळेने गुणून सरकवलं. तो आकडा गोडो स्वतःच देतं, त्याला डेल्टा म्हणतात.

भौतिकशास्त्राने मात्र घाम काढला. वस्तूंना खरं वजन, खरा धक्का देण्याची सोय गोडोमध्ये आहे, आणि मी ती वापरली. चळत लावलेले टोप आपोआप थरथरायचे. पाण्यात सोडलेलं घंगाळ कधी बुडायचं, कधी छतावर आदळायचं. एकदा परात इतक्या जोरात उडाली की तिने जिनाच अडवला. पुष्कळ रात्री त्यात गेल्या. शेवटी ते सगळं काढून टाकलं. आता घंगाळाची उंची म्हणजे पाण्याची उंची, तिच्यात साइनच्या लाटेने थोडं खालीवर डुलणं, आणि दाराच्या दिशेने संथ सरकणं. दहा-बारा ओळी. प्रत्येक वस्तू चारांपैकी एका अवस्थेत: ठेवलेली, हातातली, तरंगणारी, गेलेली. ‘भरलेली’ ही पाचवी अवस्था मी आधी धरली होती, पण ती ‘ठेवलेली’सारखीच वागते, फक्त चित्र वेगळं. खेळणाऱ्यांपैकी कोणीही आजवर म्हटलं नाही की हे खरं भौतिकशास्त्र नाही.

काढून टाकलेल्या गोष्टींची यादी मी भिंतीवर लावली होती. दुसरं दुकान गेलं. शेजारचा काका मदतीला येणार होता, तो गेला. पाऊस मी केला होता, चांगला दिसत होता, पण आत दुकानात पाऊस दिसायचं कारणच नाही. नारोशंकराच्या देवळाची घंटा पुराच्या पाण्याने वाजते असं म्हणतात. ती शेवटच्या टप्प्याला वाजवायची माझी फार इच्छा होती. पण हाक आणि घंटा एकावर एक आल्या की दोन्ही कळत नव्हत्या, म्हणून घंटाही गेली. नवरा म्हणाला, “तू पण तेच करतेयस, काय वर न्यायचं आणि काय सोडायचं.” त्याला असं काही सुचलं की तो दिवसभर खुशीत असतो. मला त्या रात्री जिन्याच्या तिसऱ्या पायरीत अडकणारा माणूस सोडवायचा होता.

चित्रं मी एसप्राइटमध्ये काढली, ठिपक्याठिपक्यांची. अख्खं दृश्य ३२० बाय १८०. हा आकडा घेण्याचं कारण सरळ आहे: चारपट केला की १२८० बाय ७२०, सहापट केला की १९२० बाय १०८०, ठिपके कुठेही वेडेवाकडे ताणले जात नाहीत. पण एवढ्या कमी ठिपक्यांत इंग्रजी अक्षर बसतं, देवनागरीचं मेतकूट होतं. शिरोरेषा एक ठिपका, वर वेलांटी, खाली उकार, रफार असेल तर आणखी वर. ‘मूर्ती’ लिहायला गेलं की अक्षरांचं गवत. तेव्हा चित्र ठिपक्यांचं आणि अक्षरं पडद्याच्या पूर्ण क्षमतेने, असं ठेवलं. गोडोमध्ये ‘व्ह्यूपोर्ट’ऐवजी ‘कॅनव्हास आयटम्स’ हा पर्याय निवडला की ते जमतं. शैली जुळत नाही अशी तक्रार एका जाणकार मित्राने केली. त्याची बरोबर आहे. पण सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतं.

आवाजांसाठी ओळखीच्या दुकानात दुपारी, गिऱ्हाईक नसताना, गेले. पितळ, तांबं, स्टील, जर्मल यांचे आवाज इतके वेगळे आहेत की डोळे मिटून ओळखावेत. फोनवर टिपले, ऑडॅसिटीत छाटले. एकच आवाज पुन:पुन्हा वाजला की कानाला टोचतो, म्हणून दर वेळी त्याची पट्टी थोडी वर-खाली करायची. पाच टक्के इकडे-तिकडे पुरतं. या एका युक्तीने दुकान भरल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटच्या दृश्यावरून बाबांशी माझं वाजलं. माझ्या शेवटात पाणी उतरलं की वर नेलेल्या मालाची किंमत दिसायची, टाळ्यांचा आवाज यायचा. “टाळ्या कोण वाजवतंय?” त्यांनी विचारलं. “पाणी उतरल्यावर तर खरं काम. पाणी जात असतानाच झाडू घेऊन त्याच्या मागे मागे खाली यायचं, गाळ त्याच्याबरोबरच घालवायचा. वाळला की कुदळीने काढावा लागतो.” हे ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर गेमचा दुसरा भाग उभा राहिला: झाडू, उतरतं पाणी, वाळत जाणारा गाळ. फार छान झाला असता. आणि त्याच्यामागे हा गेमही पंचवटीच्या वाटेने गेला असता. मी भिंतीवरच्या यादीत ‘गाळ’ असं लिहिलं. टाळ्या काढल्या, आणि शेवटच्या चित्रात दुकानभर तपकिरी थर, त्यातून डोकावणाऱ्या पराती, कोपऱ्यात टेकवलेला झाडू एवढं काढलं. मालाचा हिशेब त्याच्यावर, वहीच्या पानावर असल्यासारखा.

नाशिकबाहेरच्या मंडळींना हाक कळेना. पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं, “कोणाच्या कमरेला काय लागलं?” म्हणून वरच्या कोपऱ्यात मारुती काढला, त्याच्या अंगावर चढणारं पाणी दाखवलं. भांडी बाजारातल्या दुकानातून मारुती दिसत नाही, हे बाबांनी सांगितलं. मी म्हटलं, कोपऱ्यातला आहे, दुकानातून नाही दिसत. ते त्यांना फारसं पटलेलं नाही.

ब्राउझरमध्ये चालणारी प्रत इच डॉट आयओ या गेमांच्या वेबसाइटवर टाकली. गोडोच्या चौथ्या आवृत्तीतून काढलेली वेबप्रत सुरुवातीला अनेक धाग्यांवर, म्हणजे कामं समांतर वाटून, चालायची, त्यासाठी सर्व्हरकडून खास परवानगीची शीर्षकं (हेडर) लागत, आणि काही ब्राउझरांत ती अडायची. ऑगस्ट २०२४ मधल्या ४.३ आवृत्तीत एकाच धाग्यावर चालणाऱ्या प्रतीची सोय आली. खरं तर अर्ध्या कामात इंजिनाची आवृत्ती बदलू नये या मताची मी आहे, पण या एका कारणासाठी बदलली.

मोबाइलचं प्रकरण वेगळं. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ते भरले. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक नियम आहे: गेम सगळ्यांसाठी खुला करायला अर्ज करण्याआधी ठरावीक माणसांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायचं. आधी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केली. बारा माणसं! मी रात्री घरी बसून एकटी गेम करणारी, मला गेम करणारी मंडळी प्रत्यक्षात कोणी माहीत नाहीत. मग कारखान्यातले वायरमन, सिन्नरचा मावसभाऊ, येवल्याची मामी, आणि सासूबाईंच्या भिशीतल्या बायका, असे बारावर थोडे जास्तच गोळा केले, कारण मधेच कोणी फोन बदलतं, कोणी जागा नाही म्हणून काढून टाकतं.

भिशीने गेम सुधारला. पडद्यावर काढलेली गोल कांडी अंगठ्याने फिरवून माणूस चालवायचा हे माझ्या भाच्याला जन्मतः येतं, या बायकांना ते अजिबात येईना. त्या सरळ हंड्यावर बोट ठेवायच्या आणि माणूस तिकडे का जात नाही म्हणून वैतागायच्या. बरोबरच होतं त्यांचं. दुकान एवढंसं, जिना एक. मी कांडी काढली. जिथे बोट, तिथे माणूस जातो. दाबून धरलं की उचलतो. पाण्यातल्या हंड्यावर दाबून धरलं की भरतो. एक बाई तर पहिल्याच डावात सगळी पोकळ भांडी भरून मोकळ्या झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, “आम्ही पंचवटीतच वाढलो, हे काय सांगायला पाहिजे?”

पहिली प्रत खुली केल्यावर दोन दुरुस्त्या केल्या. कुकरचं खोकं माळ्यावर ठेवलं तरी भिजल्याचं दाखवत होतं, ते. आणि एका जुन्या फोनवर हाक उशिरा ऐकू यायची, ते. लोक मागणी करतात: दुसरी पातळी द्या, सराफाचं दुकान द्या, न संपणारा पूर द्या. सगळ्यांना नाही म्हणते.

एक दोष मात्र माहीत असून ठेवला आहे. तिसऱ्या पायरीवर उभं राहून परात भिंतीकडे ठेवली तर ती भिंतीतून पलीकडे जाते, आणि हिशेबात मात्र वाचलेल्या मालात धरली जाते. भाच्याने हे शोधून काढलं. त्याचे मित्र आता पाणी यायच्या आत सगळ्या पराती त्या भिंतीतून ढकलतात आणि मग निवांत हंडे भरत बसतात. त्यांचे आकडे माझ्या आकड्यांच्या दुप्पट आहेत. मी दुरुस्त करायला घेतलं तर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, म्हणून राहू दिलं. बाबांना हा प्रकार मुळीच मान्य नाही. पलीकडे शेजाऱ्याचं दुकान आहे, आपला माल त्याच्याकडे गेला तर तो आपल्या वहीत कसा, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि भाचा म्हणतो, आजोबा, पराती तर तशाही वाहून जात नाहीत, तुम्हीच सांगितलंत.